श्रिंक प्लास्टिकचे दागिने: ओव्हनमध्ये जाण्याआधीचं काम

प्रश्न असा आहे: घरी श्रिंक प्लास्टिकची (म्हणजे रंगवून, कापून भाजलं की आकसणाऱ्या शीटची) कानातली करताना तुकडा गुंडाळून स्वतःलाच चिकटतो, जोडीतलं एक लहान आणि एक मोठं निघतं, रंग ठरवलेल्यापेक्षा फार गडद येतात आणि शेवटी वरून काय लावावं ते कळत नाही. या चारही गोष्टींसाठी लोक ओव्हनला दोष देतात. पण ओव्हनमधल्या दोन-तीन मिनिटांत ठरतं ते फारच थोडं. बाकी सगळं शीट मोजताना, रंगवताना आणि कापताना ठरून गेलेलं असतं.

हे शीट म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक. कारखान्यात ते गरम असताना लांबीत आणि रुंदीत ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. त्यामुळे आतल्या रेणूंच्या साखळ्या ओढलेल्या स्थितीत गोठून राहतात. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. त्याच्या पुरेसं वर नेलं की गोठलेला ताण सुटतो आणि शीट मूळ आकाराकडे परत जातं. प्लास्टिक कुठे नाहीसं होत नाही. लांबी-रुंदीचं क्षेत्रफळ जितक्या पटीने घटतं तितक्या पटीने जाडी वाढते. ०.३ मिमी जाडीचं शीट आकसून साधारण दीड-पावणेदोन मिमी होतं, म्हणूनच त्याचा दागिना हाताला भरीव लागतो.

आता मुख्य मुद्दा. कारखान्यात दोन्ही दिशांना ताण अगदी सारखा बसेलच असं नसतं. त्यामुळे उभं आकसणं आणि आडवं आकसणं यांत फरक पडतो. पाकिटावर लिहिलेला टक्का सरासरीचा असतो, त्यावर जोडी जुळत नाही. नवीन पाकीट उघडलं की पहिल्या शीटमधून १० × १० सेंमीचा चौकोन कापा, एका बाजूला बाण काढून ‘उभी’ असं लिहा, दोन्ही बाजूंना सेंटिमीटरच्या खुणा करा आणि तो भाजा. समजा, उभी बाजू ४.५ सेंमी आणि आडवी ४.२ सेंमी झाली. मग तुमचे गुणक ०.४५ आणि ०.४२. हवं असलेलं माप त्या दिशेच्या गुणकाने भागायचं. ३० मिमीचं गोल पदक हवं असेल तर शीटवर ६६.७ मिमी उभा आणि ७१.४ मिमी आडवा असा लंबगोल काढावा लागेल. वर्तुळ काढाल तर हातात अंडाकृती येईल. फुलापानांत हा फरक खपून जातो, पण वर्तुळ, चौकोन आणि चेहरा यांत तो लगेच डोळ्यांत भरतो.

हा भाजलेला चौकोन फेकू नका. तो पाकिटातच ठेवा, मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. आणि पाकिटातल्या प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात, कापायला घेण्याआधीच, दिशेचा बाण काढून ठेवा. जोडीतली दोन्ही कानातली एकाच शीटमधून, एकाच दिशेत कापायची. शीट वाचवण्यासाठी एक उभं आणि एक आडवं बसवलं की जोडी बिघडली म्हणून समजा. डावं-उजवं हवं असेल तर नमुना आरशातल्यासारखा उलटा करा, पण ९० अंशांत फिरवू नका.

शीट वाचवायचंच असेल तर मापात थोडी तडजोड करा. वरच्याच गुणकांनी ए४ आकाराच्या शीटवर, म्हणजे २१० × २९७ मिमीमध्ये, ३० मिमीची पदकं आडवी फक्त दोन बसतात, कारण तीनला २१४ मिमी लागतात. तेच माप २९ मिमी केलं की एकाला ६९ मिमी, तीनला २०७ मिमी. उभी तशीही चार बसतात. म्हणजे आठाऐवजी बारा नग. घातल्यावर एका मिलिमीटरचा फरक कुणालाही कळत नाही.

शीट कुठलं घ्यावं? गुळगुळीत पारदर्शक, एका बाजूने खरखरीत केलेलं दुधी, पांढरं, काळं आणि इंकजेट प्रिंटरसाठी थर दिलेलं, असे मुख्य प्रकार मिळतात. पहिल्या कामाला दुधी घ्या. त्याच्या खरखरीत बाजूवर रंगीत पेन्सिल चालते आणि गुळगुळीत बाजूवर मार्कर. गुळगुळीत शीट घरी खरखरीत करायचं तर ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिशपेपर आधी उभा आणि मग आडवा, हलक्या हाताने फिरवा. एकाच दिशेने घासलं तर त्या रेघा भाजल्यावर आणखी जवळ येतात आणि ठळक दिसतात. घासलेली भुकटी कोरड्या कापडाने पूर्ण पुसा, नाहीतर ती रंगात मिसळून मळकट दिसते.

खाण्याच्या डब्यांची पारदर्शक झाकणं वापरता येतात का? त्रिकोणात ६ आकडा असलेलं, कडक आणि वाकवल्यावर कडकन मोडणारं झाकण असेल तर त्याचा सपाट भाग चालतो. मात्र साच्यात दाबलेल्या भागाचा ताण सगळीकडे वेगळा असतो, त्यामुळे ते वेडंवाकडं आकसतं. चाचणीचा चौकोन तिथे जास्तच गरजेचा. १ आकड्याचं झाकण गुंडाळतं, पांढुरकं पडतं आणि वाया जातं. ६ आकड्याचा थर्माकोल या कामाचा नाही.

रंग आणि रेघा

भाजल्यावर तेवढाच रंग साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या जागेत कोंबला जातो. म्हणून फिकट गुलाबी लावला की गडद गुलाबी होतो आणि गडद निळा लावला की जवळजवळ काळा. हवा त्यापेक्षा दोन-तीन छटा फिकट लावायचा, एवढाच नियम. पण डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तुमच्याकडच्या प्रत्येक पेन्सिलीची आणि मार्करची एक पट्टी रंगवून भाजून ठेवा. रंगाच्या डबीवर छापलेल्या छटेपेक्षा ही पट्टी खरी.

पेन्सिल गोलाकार हलवत दोन पातळ थरांत लावली की रंग एकसारखा बसतो. जोर देऊन एकाच थरात लावला तर मेणाचा थर साचतो, भाजताना तो वितळून चकाकतो आणि वरचं कोटिंग त्यावर धरत नाही. मेणाचे खडू आणि ऑइल पेस्टल याच कारणाने नकोत. कोरडे खडू पेस्टल मात्र सुंदर लागतात: खडूची पूड करून कापसाने खरखरीत बाजूवर चोळा, कडेला विरत जाणारी छटा मिळते. अॅक्रिलिक रंग अगदी पातळ थरात चालतो. जाड लावला तर खालचं प्लास्टिक आकसतं, रंग तेवढा आकसत नाही आणि पृष्ठभागावर सुरकुत्या किंवा पोपडे येतात.

रेघांचं गणितही तेच आहे. अर्धा मिमीची रेघ भाजून ०.२ मिमी होते आणि दिसेनाशी होते. बाह्यरेषा एक मिमीच्या काढा. ५ मिमी उंचीचं अक्षर दोन मिमीवर येतं; त्यात मात्रा-वेलांट्या बुजतात, म्हणून अक्षरं किमान १२ मिमीची ठेवा. पारदर्शक शीटवर चित्र मागच्या बाजूने काढलं तर पुढून नैसर्गिक काचेसारखी चमक मिळते आणि रंगाला घासही लागत नाही. फक्त अक्षरं उलटी लिहायला विसरू नका.

छापायचं असेल तर इंकजेटसाठीचंच शीट घ्या, चित्राची गडदता निम्म्यावर आणा आणि छपाई झाल्यावर शाई पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. लेझर प्रिंटरमध्ये हे शीट घालू नका. त्यातला शाई पक्की करणारा रोलर प्लास्टिक मऊ पडण्याच्या तापमानापेक्षा बराच गरम असतो. शीट आतच आकसून अडकलं तर प्रिंटर कामातून जातो.

कापणं आणि भोकं

न भाजलेलं शीट ठिसूळ असतं. त्याला सगळ्यात जास्त भीती आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यांची: हृदयाच्या आकारातली वरची खाच, पाकळ्यांमधली फट. कात्री तिथे अडली आणि हात जरा फिरला की चीर सरळ चित्रात शिरते. अशा जागी आधी पंचने छोटं गोल भोक पाडा आणि दोन्ही बाजूंनी त्या भोकापर्यंत कापत या. गोल कापताना कात्री एका जागी ठेवून शीट फिरवा. कटरने कापायचं तर एका दमात आरपार न जाता हलक्या हाताने तीन-चारदा रेघ ओढा. बाहेरचे टोकदार कोपरेही थोडे गोल करा. भाजल्यावर ते दीड मिमी जाडीचे कडक टोक बनतात आणि मानेला किंवा गालाला टोचतात.

पाच मिमीपेक्षा बारीक दांड्या, शेपट्या, देठ असलेले नमुने सुरुवातीला टाळा. बारीक भाग आधी तापतो, आधी वळतो आणि नेमका तोच मुख्य तुकड्याला जाऊन चिकटतो.

भोक भाजण्यापूर्वीच पाडायचं. नेहमीच्या ६ मिमीच्या कागदी पंचचं भोक आकसून अडीच मिमीच्या आसपास येतं, ते जंप रिंगला (दागिन्याचे भाग जोडायच्या छोट्या, उघडता येणाऱ्या कडीला) अगदी योग्य आहे. ३ मिमीचं भोक सव्वा मिमीवर येतं. त्यात बारीक तार जाते, रिंग अडखळते. भोकाच्या कडेपासून तुकड्याच्या कडेपर्यंत भाजण्यापूर्वी साडेचार-पाच मिमी जागा ठेवा, म्हणजे शेवटी दोन मिमी उरेल. यापेक्षा कमी ठेवली तर कानातलं कशात अडकताच तिथूनच तुटतं. दोन मिमी रुंद, दीड-पावणेदोन मिमी जाड भागाभोवती फिरायला ६ मिमी बाहेरच्या व्यासाची, ०.८ मिमी तारेची रिंग लागते. ४ मिमीची रिंग बसते पण फिरत नाही, मग पदक तिरकं लटकतं.

भोक राहूनच गेलं तर ड्रिल बिटने, हाताने फिरवायच्या ड्रिलमध्ये, सावकाश पाडता येतं. विजेच्या ड्रिलचा वेग घर्षणाने प्लास्टिक वितळवतो आणि बिट आत रुतून बसतं.

भाजणं

पाकिटावरचं तापमान आधी बघा. बहुतेक शीट्सना १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान पुरतं. ओव्हन आधी पूर्ण तापवून घ्या आणि आतला वारा फिरवणारा पंखा बंद करता येत असेल तर करा, कारण मऊ झालेला हलका तुकडा वाऱ्याने उलटतो. छोट्या ओव्हनचं बटण अनेकदा चुकीचं तापमान दाखवतं. आत ठेवायचा थर्मामीटर असेल तर अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही.

सपाट ट्रेवर बेकिंग पेपर पसरा. मेण लावलेला कागद नको, त्याचं मेण वितळून तुकड्याला लागतं. कागदावर टाल्कम पावडर बोटाने अगदी विरळ चोळा, तुकडा रंगीत बाजू वर करून ठेवा आणि वरून बेकिंग पेपरचा दुसरा तुकडा नुसता अलगद टाका. वरचा कागद उसळी दाबून धरतो आणि पावडरीमुळे तुकडा अडखळत नाही. स्वतःला चिकटण्यावर हाच सगळ्यात सोपा उपाय. पण कागदावर वजन ठेवू नका. दाबलेलं प्लास्टिक मोकळेपणी सरकू शकत नाही, मग कडा लाटांसारख्या येतात.

आत गेल्यावर तुकडा आधी कडेने वर उचलतो, जोरात वळतो आणि अर्ध्या वाटेवर तर काम बिघडलंच असं वाटतं. हात लावू नका. तो पुन्हा उलगडतो आणि सपाट होतो. साधारण एक ते तीन मिनिटांत हे सगळं होतं. सपाट झाल्यावर आणखी २०-३० सेकंद आत ठेवा. हे शेवटचे सेकंद बहुतेक जण सोडून देतात आणि मग जोडीतलं एक पूर्ण आकसलेलं व दुसरं किंचित कमी असं निघतं. जोडी नेहमी एकाच ट्रेवर, शेजारीशेजारी भाजा. ओव्हनच्या मागच्या कोपऱ्यात आणि दाराजवळ उष्णता सारखी नसते.

बाहेर काढल्याबरोबर, कागदासकट, त्यावर एखादी सपाट टाइल किंवा तळ सपाट असलेलं भांडं १५-२० सेकंद दाबून धरा. पाच-दहा सेकंदांपेक्षा उशीर केला तर तुकडा कडक होऊन जातो आणि दाबून काही उपयोग नसतो. मग तो पुन्हा तापवावा लागतो. पुन्हा तापवल्याने काही बिघडत नाही.

तुकडा अर्धवट गुंडाळून तसाच थांबला, तर बहुतेक वेळा ओव्हन थंड आहे. झटकन पिळवटला, पृष्ठभागावर फोड आले किंवा पांढरा रंग पिवळसर झाला, तर फार गरम आहे. एकावर एक चिकटलेला तुकडा थंड झाल्यावर ओढू नका, तो मोडतोच. परत ओव्हनमध्ये ठेवा, मऊ झाला की दोन लाकडी काड्यांनी सोडवा आणि सपाट होऊ द्या. रंगीत बाजू एकमेकींना चिकटल्या असतील तर रंगाचा थोडा ठसा उमटलेला असेल, त्याला इलाज नाही.

हीट गनने भाजणं बघायला मजेशीर असतं आणि एखाद्या छोट्या पदकाला ते चालतंही. पण जोडीसाठी मी हीट गन सुचवणार नाही. गरम हवा एका बाजूने लागते, तीच बाजू आधी आकसते आणि दोन तुकड्यांना सारखी उष्णता देणं हाताला जमत नाही. वापरायचीच तर तुकडा लाकडी काडीने धरा आणि गन सतत फिरती ठेवा. हीट गनचं खरं काम दुरुस्तीचं: वाकलेला कोपरा परत मऊ करणं.

भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि त्याच वेळी ओव्हनमध्ये खाण्याचं काही ठेवू नका. वास तीव्र यायला लागला तर प्लास्टिक गरजेपेक्षा जास्त तापलंय. ओव्हन बंद करून खोली मोकळी होऊ द्या.

गरम तुकड्याला बाक द्यायचा असेल तर हातमोजे घालून चमच्याच्या खोलगट भागात दाबा किंवा गोल लाकडी दांड्यावर गुंडाळा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. अंगठीचं माप असं काढा: आतला व्यास १७ मिमी आणि जाडी १.६ मिमी असेल तर मधल्या रेषेचा परीघ सुमारे ५८ मिमी. अंगठी पूर्ण बंद करू नका, ६ मिमीची फट ठेवा. उरले ५२ मिमी; ०.४२ ने भागले की पट्टी सुमारे १२४ मिमी लांब. मात्र पॉलिस्टायरीन लवचीक नाही. फट आहे म्हणून अंगठी फाकवून घातली तर ती मोडेल, म्हणून माप नीट घेऊन ती सरळ सरकवूनच घालायची. रोजच्या वापराच्या अंगठीला हे प्लास्टिक मुळात योग्य नाही. कानातली, पदक, ब्रोच यांत ते शोभतं. तीस मिमीचं गोल पदक सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे मोठ्या कानातल्यांचंही कानाला ओझं होत नाही.

वरचा थर

पारदर्शक नेलपॉलिश लावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानू नका. नेलपॉलिशमधली द्रावकं पॉलिस्टायरीनला विरघळवतात आणि मार्करची शाईही पसरवतात. तुकडा चिकट राहतो किंवा काही दिवसांनी त्यावर बारीक तडे दिसू लागतात. थिनरवर आधारित लॅकर आणि अनेक स्प्रे यांचंही तेच. कुठलाही थर आधी चाचणीच्या भाजलेल्या तुकड्यावर, तुमच्याच मार्करच्या रेघेवर लावून एक रात्र थांबा.

पेन्सिलीच्या कामाला पाण्यावर आधारित अॅक्रिलिक किंवा पॉलीयुरेथेन व्हार्निश पुरेसं आहे. पातळ दोन थर, मध्ये पहिला पूर्ण वाळू द्या. इंकजेटची शाई अनेकदा पाण्याने फुटते, त्यामुळे तिथे पहिला थर ब्रशने न ओढता स्पंजने टिपून लावा. थर नेहमी भाजल्यानंतरच. आधी लावला तर बुडबुडे येतात.

काचेसारखा फुगीर थर हवा असेल तर यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील दिव्याखाली कडक होणारा पारदर्शक द्रव. पृष्ठभाग ६०० नंबरच्या कागदाने किंचित घासा, पण रंग दुसऱ्या बाजूला असेल तरच. रंग वरच्याच बाजूला असेल तर त्यावर आधी व्हार्निशचा पातळ थर द्या, नाहीतर अल्कोहोल मार्करचा रंग रेझिनमध्ये उतरतो. रेझिन मधोमध थेंबभर टाका आणि दातकोरणीने कडेपर्यंत न्या. कडेवर ते आपोआप थांबतं. जास्त झालं तरच ओघळतं. भोकात शिरलेलं रेझिन दिव्याखाली ठेवण्याआधीच दातकोरणीने काढा. काळ्या किंवा गडद थरात प्रकाश खोलवर पोचत नाही, तिथे दोन पातळ थर करा. ओलं रेझिन त्वचेला लागू देऊ नका: नायट्रिलचे हातमोजे घाला. एकदा अॅलर्जी सुरू झाली की ती सहसा जात नाही.

रेझिन प्रत्येक दागिन्याला हवंच असं नाही. पेन्सिलीचा मॅट पोत झाकून सगळं चकचकीत केलं की हाताने केलेल्या कामाची निम्मी गंमत जाते.

जोडणी

टॉप्सची दांडी चिकटवायला दोन भागांचा एपॉक्सी ग्लू वापरा. इन्स्टंट ग्लू पटकन धरतो, पण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी झाक येते आणि धक्का लागला की सांधा सुटतो. प्लास्टिकची मागची बाजू आणि दांडीची चकती, दोन्ही ३२० नंबरने खरखरीत करा. ६ ते ८ मिमीची चकती घ्या आणि २४ तास हलवू नका. दांडी मधोमध लावण्याऐवजी वरच्या तिसऱ्या भागात लावा, म्हणजे कानातलं पुढे झुकत नाही. निकेल सोसत नसलेल्यांसाठी टायटॅनियम किंवा नायोबियमची दांडी घ्या. जंप रिंग उघडताना तोंडं बाजूला फाकवायची नाहीत. दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे अशी वळवायची आणि तशीच परत आणायची, तरच रिंगचा गोल टिकतो.

वापरताना अत्तर आणि हेअरस्प्रे आधी, दागिना नंतर. पुसायला ओलं मऊ कापड पुरे. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. संत्र्याच्या सालीच्या तेलावर चालणारे डाग काढायचे द्रवसुद्धा नकोत, कारण त्यातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनला चक्क विरघळवतं. डब्याच्या झाकणावरचं लेबल काढायलाही म्हणूनच साबणाचं कोमट पाणीच वापरा. उन्हात ठेवल्यास मार्करचे रंग पेन्सिलीच्या आधी उडतात आणि पारदर्शक प्लास्टिक हळूहळू पिवळं पडतं, त्यामुळे पेटी बंद असलेली बरी.